पुढच्या स्टेशनवर उतर

सयाजी सरांच्या मनगटावरचं घड्याळ गेले सहा दिवस साडेतीन तास मागं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा एक वाजला की मनगटावर सकाळचे साडेनऊ. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या खोलीत कूलर घरघरत होता, बाहेर मे महिन्याचं ऊन पत्र्यांवर तडतडत होतं आणि सर स्वित्झर्लंडच्या वेळेनं जगत होते. त्यांच्या बायको वच्छलाबाई जेवायला बोलवायला वर आल्या, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "अजून साडेनऊच झालेत."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग न्याहारीच आणते की. दात घासलेत ना?"

सर ओशाळले, उठले, चार घास जेवले आणि पुन्हा वहीपाशी येऊन बसले. वहीशेजारी फोन. फोनच्या पलीकडं त्यांचे दोन मित्र आगगाडीनं युरोप बघत हिंडत होते.

एक भारत, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. दुसरा ज्ञानबा, मंद्रूपच्या शाळेचा शिपाई. त्याच शाळेत सरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सोलापूरहून ते रोज ज्या गाडीनं जायचे तिच्यावर भारतची ड्यूटी असायची आणि गाडी मंद्रूपच्या स्टँडवर लागली की ज्ञानबा चहाची किटली घेऊन उभा असायचा. तिघांची मैत्री त्या किटलीभोवती जमली ती सगळे रिटायर झाले तरी तुटली नाही.

भारतची मुलगी अंकिता झुरिकला नोकरी करते. तिनं वडिलांना बोलावलं आणि एकटे येऊ नका, दोघांनाही आणा, म्हणाली. तिघांचे पासपोर्ट झाले. व्हिसासाठी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सरांचा गुडघा दुखायला लागला. गुडघा खरंच दुखत होता, पण न जाण्याइतका नाही. सरांना भीती वाटली होती. जन्मभर नकाशावर बोट ठेवून ज्या नद्या, जे घाट शिकवले, तिथं प्रत्यक्ष उभं राहिल्यावर आपल्याला काहीच येत नाही हे मित्रांपुढं उघडं पडेल, याची. इंग्रजी पुस्तक हातात दिलं तर ते रात्रीत संपवायचे. इंग्रजी बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. म्हणून ते गेले नाहीत. बदल्यात त्यांनी वही केली, आणि तिची एक नक्कल स्वतःजवळ ठेवली. कुठली गाडी, किती वाजता, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठं बदलायची, सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. अंकिता दिवसभर ऑफिसात. हे दोघे वही आणि फोन घेऊन हिंडायचे, आणि प्रत्येक गाडीत बसलं की सरांना कळवायचे.

ज्ञानबाची बायको मायाक्का त्याला सोडायला तयार नव्हती. त्याला साखरेचा आजार, रोज दोनदा सुई. शेवटी ती मंद्रूपहून स्वतः शुक्रवार पेठेत आली, उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "सर, तुमी सांगशीला तसं वागंल तो. तुमच्या जिवावर सोडते." सर काही बोलले नव्हते. नुसती मान हलवली होती. पण मान हलवली होती, हे त्यांना रोज आठवायचं.

आज दोन वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे तिकडच्या दहा पस्तीसला, दोघं इंटरलाकेनहून डोंगरातल्या लहान गाडीत बसायचे होते. बसल्याचा फोन आला नाही. दोन दहा झाले, दोन वीस झाले. सरांनी स्वतःला समजावलं की डोंगरात रेंज नसेल. दोन पंचवीसला फोन वाजला. भारत होता.

"सर, ज्ञानबाचा फोन आला का तुमाला?"

"नाही. का?"

"गाडीत न्हाई ओ तो."

"गाडीत नाही म्हणजे? चढला नाही का?"

"चढला की! म्या बघितला चढताना. ही गर्दी होती प्लॅटफॉर्मवर. गाडी आली तसा मी आपला सवयीनं पळत टोकाच्या डब्यात गेलो, टॉवेल टाकला, खिडकीच्या समोरासमोर दोन जागा धरल्या. त्याला हात केला, ये म्हटलं. त्याच्यानं कुठलं पळवतंय! तो मागल्याच दारातनं चढला. म्हटलं, येईल आतनं चालत. आपल्याकडच्या गाडीत येत्यातच की. बसलो वाट बघत. एक गोरी बाई टॉवेलाकडं बघाय लागली तर तिलाबी सांगितलं, माणूस हाय म्हणून. आता शेवटलं स्टेशन आलं, हे लातूर..."

"लाउटरब्रुनेन."

"तेच ते. उतरून मागं बघतो तर मागले डबेच न्हाईत! निम्मी गाडीच न्हाई सर!"

सरांनी डोळे मिटले. निम्मी गाडी कुठं गेली ते त्यांना ठाऊक होतं. मधल्या एका लहानशा स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात. एक भाग एका दरीत जातो, दुसरा दुसऱ्या. दोन भागांच्या मधून आत चालत जायला वाट नसते. हे त्यांनी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि वहीत लिहिलंही होतं, लाल शाईनं.

"भारत, त्यानं सुई घेतली का?"

"घेतली. प्लॅटफॉर्मवरच. दहा पंचवीसला. गाडीत बसलं की लगीच खाऊ, म्हटला."

"आणि खायची पिशवी?"

"माझ्याकडं. जागा धरायला जाताना घेऊन पळालो."

"पैसे? त्याच्या खिशात काही?"

"सगळं माझ्या चामडी बॅगेत हाय. तिकिटंबी. तो म्हटला, कंडक्टर, तूच ठेव."

"रात्री जेवला होता?"

"कुठलं! त्या चीजचा वास आला तसं ताट सारलं. दोन घास भात खाल्ला."

सर उभे राहिले आणि पुन्हा बसले. सुई घेतल्यावर ज्ञानबानं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काय होतं, ते त्यांनी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा सव्वीस जानेवारीला, झेंड्याच्या दोरीपाशी. आधी घाम, मग हातांची थरथर, मग भलतंसलतं बोलणं, आणि मग माणूस उभ्याचा आडवा. तेव्हा मुलांसाठी आणलेल्या जिलेब्या होत्या. दात उघडून ओठांच्या आत पाक चोळला होता. डॉक्टर म्हणाले होते, आणखी दहा मिनिटं गेली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता.

भिंतीवर दोन सत्तावीस. सुईला बत्तीस मिनिटं झाली होती.

"तू अंकिताला फोन लाव. आणि मागं जाणारी पहिली गाडी पकड. मी ज्ञानबाशी बोलतो."

त्यांनी ज्ञानबाला फोन लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला.

"सर! आवं ह्यो कंडक्टर कुटं गडप झाला? म्या आपला डबा हुडकतोय तर म्होरं डबाच न्हाय. नुसती काच आन् त्या काचंतनं रूळ दिसत्यात."

त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी विचारच केला नाही. पन्नास वर्षं जे ऐकलं, जे चुकलेल्या प्रत्येक प्रवाशाला सोलापूर स्टेशनवर कुणी ना कुणी सांगतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"ज्ञानबा, तू चुकीच्या गाडीत आहेस. पुढच्या स्टेशनवर उतर आणि तिथंच बसून राहा. भारत मागून येतोय. उतरल्या उतरल्या चहावाल्याकडं काहीतरी खा. पैसे नंतर देता येतील, त्याला हातानं खुणा कर."

"बरं. थांबायलाच लागलीया बगा. उतरतो."

दार उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला. गाडी निघून गेली. मग फोनमधून इतकी शांतता यायला लागली की सरांना स्वतःच्या कूलरची घरघर नकोशी झाली. त्यांनी तो बंद केला.

"ज्ञानबा, दिसला का चहाचा गाडा?"

"गाडा? सर, हितं काय बी न्हाय. एक बाकडं हाय. एक लोखंडी पेटी हाय, तिकिटाची असंल. म्होरं डोंगर. आन् म्या."

"स्टेशन मास्तर? हमाल? कुणी उतरलं असेल की तुझ्याबरोबर."

"कोण बी न्हाय."

सरांनी वही उघडली, वहीत दुमडून ठेवलेला नकाशा पसरला. ती गाडी पुढं ज्या मोठ्या गावाला जात होती त्याच्या आधी तीन बारके थांबे होते, नखाएवढ्या ठिपक्यांचे. कुणी घंटीचं बटण दाबलं तरच गाडी थांबावी, असे. वेळ पाहता ज्ञानबा त्यांतल्या मधल्या थांब्यावर होता. शेवटचं गाव मोठं होतं. तिथं हॉटेलं, दुकानं, दवाखाना, सगळं होतं. ज्ञानबा नुसता जागेवर बसून राहिला असता तर दहा मिनिटांत त्या गावात उतरला असता, आणि हजार माणसांत असता. सरांनी त्याला चालत्या गाडीतून उचलून माळावर ठेवलं होतं.

वच्छलाबाई केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. सरांनी बोट नुसतं नकाशावरच्या ठिपक्यावर ठेवलं. मग म्हणाले, "इथं स्टेशन आहे पण चहा नाही. मला कसं सुचलं नाही? मी वाचलं होतं. गाडी फुटते, डब्यावरचं नाव बघून बसा, हेसुद्धा लिहिलं होतं मी."

"मग?"

"खोडलं." सरांचा आवाज खाली गेला. "भारत वही बघून हसला होता. म्हणाला, सर, ही वही वाचंस्तोवर गाडी सुटंल की, शिंकायचं कुठल्या खिडकीत तेवढंच लिहायचं ऱ्हायलंय. मला वाटलं, खरंच आपण फार पाल्हाळ लावतो. मग बरंच खोडलं. त्यात तेही."

बाई काही म्हणणार, तोच त्यांच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव बघून त्यांनी तो सरांपुढं धरला. मायाक्का.

"रोज अडीचला तो बोलतो तिच्याशी," बाई कुजबुजल्या. "त्याचा फोन गुंतलेला लागतोय म्हणून इकडं केला असेल. काय सांगू?"

सरांनी फोन घेतला. घेतल्याबरोबर बोलले. "मायाक्का, काळजी करू नका. गाडीत आहेत दोघं. डोंगर आहे ना, रेंज नाही. जेवताहेत."

"जेवत्यात?"

"हो. आता जेवताहेत."

"बरं," मायाक्का म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. फोन बंद झाला. सरांनी कपाळ पुसलं.

दोन एकेचाळीस. बाईंच्याच फोनवर भारतचा फोन.

"सर, गाडी गेली."

"गेली म्हणजे?"

"काउंटरवर त्या बाईला सांगत होतो. माणूस, सुई, जेवण, सगळं हातानं करून दावलं. तिला वाटलं मलाच टोचून घ्यायचंय. दवाखान्याचा कागद द्याय लागली. तेवढ्यात डोळ्यांदेखत गाडी गेली. आता पुढली अर्ध्या तासानं. अंकी फोन उचलंना, मीटिंगमधी असंल." भारतचा आवाज फाटला. "तीस वर्षं गाडी चुकू दिली न्हाई ओ मी कुणाची."

"रडू नकोस," सर म्हणाले. "पुढची सोडू नकोस. गाडी जिथं फुटते तिथं उतरून दुसरी पकड, डब्यावरचं नाव बघून बस. आणि तिथून दुसऱ्या थांब्याआधी दारापाशी बटण असेल ते दाब, नाहीतर गाडी थांबणार नाही."

सरांनी हिशेब केला. भारत तिकडं पोचायला तीन अठ्ठावीस. सुईला दीड तास झालेला असेल. झेंड्याच्या दिवशी ज्ञानबा पाऊण तासात पडला होता.

सरांच्या फोनवर ज्ञानबा चालूच होता. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला होता.

"सर, हितं थंडी हाय का उन्हाळा?"

"का रे?"

"वारं गार लागतंय आन् मला घाम सुटलाय. बंडी भिजली समदी."

"ज्ञानबा, खिशात काही आहे का बघ. गोळी, बडीशेप, काहीही."

"तंबाखूची पुडी हाय." तो हसला. हसणं जरा लांबलं, नको तितकं. "सर, वर शेरडं हायती."

"काय?"

"शेरडं. डोंगराच्या आंगाला, वर. घुंगरं वाजत्यात त्येंच्या गळ्यात. ह्या रुळाच्या पल्याड पाऊलवाट हाय. शेरडं हायती म्हंजी माणूस असणार. जाऊ का?"

"नाही!" सर जवळजवळ ओरडले. "तिथंच बस. बाकड्यावर बस. हलू नकोस."

"बरं."

सर खोलीत येरझारा घालायला लागले. बाकड्यावर पडला तर अर्ध्या तासानं येणाऱ्या गाडीतली माणसं तरी बघतील. वाटेत पडला तर गवतात कुणाला दिसणार? पण अर्ध्या तासानं बघून काय उपयोग? आणि वर माणूस असेलच कशावरून? तिकडं जनावरं मोकळी सोडतात, माणूस मैलभर लांब असतो, असं कुठंतरी वाचलं होतं. का ते दुसऱ्या देशाबद्दल होतं? एकदा उतर म्हणून सांगितलं, ते चुकलं. आता जा म्हणावं आणि तेही चुकलं तर? बस म्हणावं आणि ते चुकलं तर? भूगोलाच्या सगळ्या पुस्तकांत त्या डोंगराची उंची होती, खडक होता, पाऊस होता. ज्ञानबानं बाकड्यावरून उठावं की नाही हे कुठंच नव्हतं.

"अहो," वच्छलाबाई म्हणाल्या, "त्यालाच विचारा की. तो तिथं आहे. तुम्ही नाही."

सर थबकले. तीस वर्षांत त्यांनी ज्ञानबाला बरंच काही सांगितलं होतं. विचारलं फार थोडं होतं.

"ज्ञानबा, तुला काय वाटतं? वर माणूस असेल?"

"असणार की. आमची मेंढरं काय आमी सोडून दिली कदी? घुंगरं एका जागी वाजत्यात, म्हंजी बांधल्यात नायतर कुणी चारतंय. धाराची येळ हाय सर." त्याची जीभ जड झाली होती. धारेची वेळ सकाळी अकराला कशी असेल, हे सरांना कळेना. तो बरळतोय की त्याला खरंच ठाऊक आहे?

"चढवेल?"

"हात कापाय लागल्यात. पाय हायती अजून."

सरांनी ओठ चावला. "जा. फोन बंद करू नकोस. बोलत राहा. गप्प बसू नकोस."

"काय बोलू?"

"काहीही. तुला येतं ते."

"भीमेच्या उपनद्या सांगू? तुमच्या वर्गाभायेर घंटा घेऊन हुबा ऱ्हाऊन पाठ झाल्यात."

"सांग."

दगडावर वहाण घासल्याचा आवाज. धाप. "उजव्या आंगाच्या. इंद्रायणी. मुळा-मुठा. नीरा. माण." मग नुसताच श्वास. "डाव्या आंगाच्या. घोड. सीना." पुन्हा धाप. घुंगरांचा आवाज आता सरांनाही ऐकू येत होता, बारीक, कुठंतरी पाण्याखाली वाजल्यासारखा. "इंद्रायणी. मुळा... मुळा... घोड."

"मुठा," सर म्हणाले.

"व्हय. मुठा. सर, सकाळची घंटा झाली का? पोरं अजून भायेर हायती."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"झाली नाही. तू वाजवायची आहेस. चालत राहा."

"मायाक्का हाक मारतीया."

"हो. तिकडंच जा. ती हाक मारतेय तिकडं जा, ज्ञानबा. उजव्या बाजूच्या सांग पुन्हा."

"इंद्रा... इंद्रा..."

कुत्रं भुंकलं. एकदम जवळ, फोन फोडून बाहेर येईल असं. घुंगरं सैरावैरा वाजली. एका बाईचा आवाज आला, मोठा, दरडावणीचा, कळत नसलेल्या भाषेत. ज्ञानबा म्हणाला, "बाई, भाकर..." आणि धप्पकन काहीतरी पडलं. फोनवर नुसती खरखर.

"ज्ञानबा!"

पावलं धावत आली. त्या बाईचा आवाज खाली, जवळ आला. कुणाला तरी हलवून विचारत असल्यासारखा. सर फोनकडं बघत राहिले. त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. वाक्य जुळवायला हवं होतं. हा माणूस माझा मित्र आहे, त्याला आजार आहे, त्याने औषध घेतले आहे परंतु अन्न... काळ कुठला वापरायचा? त्या बाईला इंग्रजी कळत नसेल तर?

"बोला!" वच्छलाबाईंनी त्यांच्या दंडाला धक्का दिला. "ओरडा! तिला फोन दिसायला हवा."

"हॅलो!" सर ओरडले. शुक्रवार पेठेतल्या खालच्या दुकानदारानं वर बघितलं असेल, असे ओरडले. "हॅलो! मॅडम! हॅलो!"

खरखर थांबली. "हॅलो?" फोन उचलला होता.

"इन्सुलिन," सर म्हणाले. वाक्य आलंच नाही. "इन्सुलिन. नो फूड. शुगर. मॅडम, शुगर, शुगर, प्लीज. क्विक."

ती बाई म्हणाली, "डायबेटिक?"

"येस! येस! येस!"

फोन पुन्हा गवतात पडला. पावलं धावत दूर गेली, लाकडी दार आपटलं. मग फक्त वारा, घुंगरं, आणि फोनच्या अगदी शेजारी एखादं जनावर गवत कुरतडत असल्याचा आवाज. ज्ञानबाचा आवाज नाही. श्वासही नाही, किंवा असला तर त्या कुरतडण्यात बुडालेला.

दोन चौपन्न. दोन पंचावन्न. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं; काट्यांकडं बघवत नव्हतं. वच्छलाबाई खाली जमिनीवर बसून त्यांच्या गुडघ्याला धरून होत्या. पावलं परत आली. ती परकी बाई काहीतरी बोलत होती, समजूत घातल्यासारखी, वासराशी बोलावं तशी. भांड्यात चमचा वाजला. खोकला आला. पुन्हा चमचा. पुन्हा खोकला. बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. सरांना शब्द कळला नाही, सूर कळला. गिळ. गिळ.

तीन वाजून चार मिनिटं झाली, तेव्हा घोगरा, रागावलेला आवाज आला.

"आवं बास की. लई गोड हाय हे."

सरांनी तोंडावर हात दाबला.

"सर हायती का फोनवर? सर... नीरा ऱ्हायली. नीरा आन् माण."

"राहू दे," सर म्हणाले, "राहू दे रे."

फोन त्या बाईनं घेतला. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही त्याचे डॉक्टर का? सर नाही म्हणाले. तुम्ही त्याला न्यायला येऊ शकाल का? सर एवढंच म्हणाले, की माझा मित्र येतोय, तीन अठ्ठावीस... नाही, अकरा अठ्ठावन्नच्या गाडीनं. त्याला खायला द्या, भात किंवा ब्रेड, आता थोडं आणि मग पुन्हा. वाक्य तिरपागडं झालं. बाई म्हणाली, कळलं.

भारत त्या गाडीनं पोचला. थांब्यावर बटण दाबायला त्यानं आधीपासून बोट ठेवूनच ठेवलं होतं म्हणे. त्यानं पिशवीतल्या मशीननं ज्ञानबाची साखर तपासली, शंभराच्या वर गेली होती. मग फोनवर भारतच बोलत होता, थांबेचना. "सर, माझा टॉवेल नडला. माझी जागा धरायची खोड. परदेशात जाऊनबी माणूस एसटीच..."

"भारत," सरांनी त्याला थांबवलं. "गाडी फुटते हे मी वहीत लिहिलं होतं. तू हसलास म्हणून खोडलं. आणि उतर असंही मीच सांगितलं. ज्ञानबा गाडीत नुसता बसून राहिला असता तर हे सगळं टळलं असतं. टॉवेल बिचारा काय करणार?"

भारत म्हणाला, "म्हंजे मी हसलो, ते नडलं म्हणता."

"तसं नाही."

"तसंच हाय की." आणि मग हलक्या आवाजात, "पुन्हा लिवा सर. सगळं लिवा. शिंकायचं सुदिक."

फोन बंद झाला. खोलीत उकडत होतं. वच्छलाबाई उठल्या, त्यांनी कूलर लावला, पाणी आणलं. मग म्हणाल्या, "मायाक्काला ज्ञानबाच करील फोन थोड्या वेळानं. बरं वाटलं की."

सर पाणी पिऊन झाल्यावर भांडं हातात धरून बसले. ज्ञानबानं फोन केला तर तो सांगेल, जेवलो, मजेत आहे. कंडक्टर काही बोलणार नाही. मायाक्काला कधीच कळणार नाही. सरांनी तो विचार बराच वेळ मनात फिरवून बघितला. त्यात चूक अशी कुठं सापडत नव्हती, आणि तरी तो पटत नव्हता.

त्यांनी बाईंचा फोन मागून घेतला.

"मायाक्का, मी सयाजी. मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मंद्रूपच्या आवारात कोंबड्या ओरडत होत्या.

"ज्ञानबा जेवत नव्हता. सुई घेऊन एकटाच चुकला होता. त्याला मी चुकीच्या ठिकाणी उतरवलं. तो पडला. आता बरा आहे. भारत आहे जवळ. बोलतोय, रागावतोय. खरंच बरा आहे."

"मला ठावं हाय," मायाक्का म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की. म्या फोन केला आन् तुमी लगीच बोललासा. तुमी कदी लगीच बोलत न्हाई, सर. दोनदा घसा साफ करताय, मग बोलताय. तवाच मी देवापुढं बसले." तिचा आवाज थोडा हलला. "तासभर बसले. कुणाला इचारू? तुमाला इचारलं तर तुमी पुन्ना तसंच सांगितलं असतं."

क्षमा करा म्हणणं सरांना फार लहान वाटलं.

"अजून आठ दिस हायती त्येंचे," मायाक्का म्हणाली. "परत आना म्हणत न्हाई मी. जलमात एकदा गेलाय. पर रोज तुमी फोन करायचा मला. त्यो न्हाई, तुमी. वंगाळ असंल तर वंगाळ सांगायचं."

सरांनी घसा साफ केला. मग पुन्हा एकदा.

"करीन."

"मग आता सांगा. काय दिलं त्या बाईनं खायाला?"

"आधी साखरेचं पाणी. चमच्यानं," सर म्हणाले. "मग ब्रेड. आणि शेळीचं दूध."

"किती ब्रेड?"

"ते मी विचारलं नाही," सर म्हणाले. "थांबा. विचारून सांगतो."